ताई, मला दम पुरत नाही

बडोद्यातल्या दांडिया बाजारातून एक आई लेकीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी 16 वर्षांची, 1500 मीटर फ्रीस्टाइलची तयारी करणारी. 400 मीटर झाले की छाती दाटून येते, आता बुडणार असं वाटतं आणि ती भिंत धरते. डॉक्टरांनी तपासून दमा नाही म्हणून सांगितलेलं. आईंनी विचारलं ते बरेच पालक विचारतात : "मग हे मनाचे खेळ म्हणायचे का?"

आई बाहेर गेल्यावर मुलगी बोलली. दम वाढवायला ती पूलवर सगळ्यांच्या आधी जायची, भराभर वीसेक खोल श्वास घ्यायची आणि पाण्याखालून एक लांबी काढायची. एकटीच. माझ्या पोटात गोळा आला.

श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणून. भराभर श्वासांनी तो आधीच बाहेर टाकला की शरीर वेळेवर इशारा देत नाही. ऑक्सिजन मात्र उतरतच जातो आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचीही पाण्याखाली शुद्ध हरपते. हे मी तिला सांगितलं. आई आणि कोचपासून ही गोष्ट लपवणार नाही, हेही सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा."

पुढच्या भेटीत पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ समोर ठेवली. "पोहताना सोडतेस तसा श्वास सोड." बराच वेळ पाणी हललंच नाही, मग एकदम भसकन बुडबुडे आले आणि टेबल भिजलं. तोंड पाण्यात असताना ती श्वास कोंडून धरत होती. मान वळवल्यावर त्या निमिषभरात सोडायचंही आणि घ्यायचंही, मग दोन्ही अर्धवटच. घुसमट खरी होती. भीती त्या घुसमटीच्या पाठोपाठ यायची आणि घाबरली की ती श्वास आणखी आवळायची. आईंना मी हेच सांगितलं.

मोठ्या मुलांचं बघून तिने पाच हात मारल्यावर एक श्वास हा हट्ट धरला होता. खरं तर लांबच्या शर्यतीत कितीतरी नामवंत जलतरणपटू दर दोन हातांना श्वास घेतात. कोचनी तिला तेच दिलं. तोंड पाण्यात असताना नाकाने "हंऽऽ" करत हवा सोडत राहायचं. श्वास रोखण्याचा सराव बंद.

दोन महिने झाले. परवा ती 900 मीटरला थांबली, भिंतीशी चार-पाचदा सावकाश बुडबुडे सोडले आणि उरलेले 600 पोहली.