त्यागराज कृती कोणाची? आणि विटंकाची टाकी

प्रश्न असा आहे : एका मैफलीच्या पत्रिकेत ‘त्यागराज कृती, रचना मुत्तुस्वामी दीक्षितार’ असं छापलंय. कृती एकाची आणि रचना दुसऱ्याची, हे कसं? आणि कृती म्हणजे आपली बंदिशच ना?

छापलंय ते चूक नाही, पण त्याचा लावला जाणारा अर्थ साफ चूक आहे. मुत्तुस्वामी दीक्षितार आणि संत त्यागराज हे दोघेही कर्नाटक संगीतातले रचनाकार. ‘दीक्षितारांनी आपले समकालीन संत त्यागराज यांच्यावर रचलेली कृती’ असं निवेदन मी इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. हे त्यागराज म्हणजे तमिळनाडूतल्या तिरुवारूरच्या देवळातले शंकर. रामभक्त संगीतकार त्यागराज (1767–1847) यांना गावच्या देवाचंच नाव मिळालं. दीक्षितारही तिरुवारूरचेच, त्यामुळे त्यांनी आपल्या देवाला आठही विभक्तींत आळवलं : ‘त्यागराजो विराजते’ प्रथमा, ‘त्यागराजाय नमस्ते’ चतुर्थी, ‘त्यागराजादन्यं न जाने’ पंचमी. पहिली अठाणा रागात, दुसरी बेगडात, तिसरी दरबारात. कर्ता ओळखायचा तो शेवटाकडे येणाऱ्या ‘गुरुगुह’ या मुद्रेवरून, म्हणजे रचनेत गुंफलेल्या कर्त्याच्या खुणेच्या नावावरून. पहिल्या शब्दावरून नव्हे. आणि हा देव आपल्याला परका नाही. व्यंकोजीराजांचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजे (राज्यकाळ 1684–1712) याच त्यागेशाचे भक्त. त्याच्यासाठी त्यांनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ लिहिला.

त्यागराज या नावाची फोड सगळे करतात. खरी मजा त्याच्या दुसऱ्या नावात आहे : वीथिविटंक. मुचुकुंद राजाने इंद्राकडून सात विटंक, म्हणजे शंकराची सात रूपं, आणले आणि सात क्षेत्री ठेवले, अशी कथा आहे. त्यांतलं मुख्य क्षेत्र तिरुवारूर. वीथि म्हणजे रस्ता. उत्सवात हा देव रस्त्यावर येतो. विटंक म्हणजे काय? परंपरा सांगते वि + टंक : ज्याला टंक लागला नाही तो, अर्थात स्वयंभू. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. तीच आपली टाकी! टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण येताजाता म्हणतो, आणि तिथे कावेरीच्या मुलुखात एकही घाव न सोसलेला देव त्याच शब्दाने ओळखला जातो. एकाच धातूवर दोन भाषांनी दोन टोकांच्या श्रद्धा उभ्या केल्या, याहून सुंदर व्युत्पत्ती मला माहीत नाही.

कोशाकडे बोट दाखवून ‘विटंक म्हणजे नुसतं देखणा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. देखणा हा अर्थ कोशात आहे, मान्य. पण अमरकोशात विटंक म्हणजे कपोतपालिका, कबुतरांचं खुराडं, असंही दिलंय; मग तेही लावायचं का? ज्या क्षेत्रांत हा शब्द जगला तिथली समजूत बाजूला सारून पानातला अर्थ चिकटवणं ही शब्दचर्चा नव्हे. माझं मत तर त्याच्याही पुढे जातं. आपल्या देव्हाऱ्यातले टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले, हेही याच टंकाच्या घरचे. टांकसाळ म्हणजे टंकशाला हे सगळे मानतात. मग ठोक्यानेच घडणाऱ्या टाकाला वेगळं कूळ शोधायची गरज काय? टाकाला प्रत्येक ठोका हवा, विटंकाला एकही नको.

आणि कृपा करून ‘विधिविडंग’ लिहू नका. तमिळमध्ये दोन स्वरांमधला ट हा ड ऐकू येतो, थ चा द होतो; म्हणून वीथिविटंकाचा उच्चार वीदिविडंगर. आपल्याकडचे लेखक तो इंग्रजी स्पेलिंगवरून उचलतात. वीथीचा विधी होतो, रस्त्यावर येणारा देव कर्मकांडात अडकतो. विडंगाचं तर विचारूच नका. संस्कृतात विडंग म्हणजे वावडिंग, जंतांवरचं औषध.

हो, कृती. बंदिश दोन-चार ओळींची आणि गायकाने फुलवायची. कृतीत पल्लवी, अनुपल्लवी, चरण अशा भागांचा बराच ऐवज रचनाकारानेच बांधून दिलेला असतो. दोन्ही एक नव्हेत. पत्रिकेत ‘तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींवरील कृती’ असं छापा, गोंधळ मिटेल.