एमकॅटच्या क्लासची फी परत मागा

पत्र : आम्ही मूळचे सांगलीचे, गेली बारा वर्षं न्यू जर्सीत आहोत. मी आयटीत आहे. मुलगी वीस वर्षांची, विद्यापीठात किनेसिऑलॉजीच्या (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या) तिसऱ्या वर्षाला, जीपीए ३.७२. पुढे डॉक्टर होईल म्हणून हा विषय घेऊ दिला. आता म्हणते, ॲथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स करणार आणि बेसबॉलमध्ये काम करणार. दोन वर्षं शनिवार-रविवार विद्यापीठाच्या संघाबरोबर मैदानावर असते, खेळाडूंना पट्ट्या बांधते, बर्फ लावते. एवढं शिकून ही हमाली करायची? एमकॅटच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला मी तिचं नाव घातलं आहे, दोन हजार डॉलर भरले आहेत. आधी डॉक्टर हो, मग हवं तर बेसबॉलच्या टीमची डॉक्टर हो, असं मी तिला सांगतो. पुरुष खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये मुलीनं वावरणं तिच्या आईला पटत नाही. नातेवाइकांना काय सांगायचं हाही प्रश्न आहे. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे, मुलीशी त्याबद्दल फार बोललेलो नाही. तिला कसं समजवावं ते सांगा.

उत्तर :

तुमच्या पत्रात जीपीए दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांसकट आहे. क्लासला किती डॉलर भरले तेही आहे. मुलगी दोन वर्षं मैदानावर काय करते, याबद्दल मात्र जेमतेम दोन वाक्यं आहेत आणि त्यात ‘हमाली’ हा शब्द आहे. या दोन वर्षांत तुम्ही एकदा तरी तिचं काम बघायला गेला होतात का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. गेला असतात तर हा शब्द लिहिला नसतात.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त खटकली. तिला न विचारता क्लासला नाव घातलंत. ती वीस वर्षांची आहे, चांगले मार्क मिळवते, शनिवार-रविवारची झोप मोडून स्वतःच्या आवडीचं काम करते. अशा मुलीशी आधी बोलायचं असतं. तुम्ही पावती आधी फाडलीत आणि आता तिला कसं पटवायचं ते मला विचारता. याचं उत्तर मी देणार नाही. क्लासवाल्यांकडे फी परत मागा. मिळाली नाही तर ते पैसे गेले असं समजा. पैसे भरलेत म्हणून मुलीनं आयुष्याचा रस्ता बदलावा, एवढी ती रक्कम मोठी नाही.

आता ती बर्फ लावते म्हणजे काय करते, ते सांगते.

बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एकाच सांध्यावर, एकाच पद्धतीनं, पुन्हा पुन्हा सगळी ताकद लावतो. संध्याकाळी सातचा सामना असेल तर ॲथलेटिक ट्रेनर दुपारीच हजर असतो. पिचर टेबलावर उताणा झोपतो. ट्रेनर त्याचा हात कोपरात वाकवून खांदा आत-बाहेर फिरवतो, कोन मोजतो आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघतो. खेळाडू म्हणतो, ‘मस्त आहे.’ तो असंच म्हणणार, कारण त्याचा करार त्या हातावर आहे. पण आज खांदा आत कमी वळतोय, कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबल्यावर भुवई किंचित हलली, हे ट्रेनरच्या लक्षात येतं. मग मॅनेजरकडे, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाकडे, जाऊन ‘आज याला खेळवू नका’ असं सांगायचं की नाही, हे ठरवावं लागतं. सांगितलं तर खेळाडू चिडतो. गप्प बसलं तर लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा बंध, जाऊ शकतं. सामना संपल्यावर उपचार, नोंदी, वरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन, आणि मग बसमध्ये बसून पुढचं गाव. कोणाच्या डोक्याला चेंडू लागला तर धावत जाऊन पहिल्या काही मिनिटांत मेंदूला मार बसलाय का याचा अंदाज घ्यायचा, हेही त्याचंच काम. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, अशा दुखापतीच्या खेळाडूंसाठी २०११ पासून सात दिवसांची वेगळी जायबंदी यादी आहे. त्या यादीपर्यंतचा प्रवास मैदानावरच्या त्या पहिल्या तपासणीपासून सुरू होतो.

२ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डमार हॅम्लिन हा खेळाडू छातीवर मार बसून कोसळला, त्याचं हृदय थांबलं. अमेरिकेत राहून तुम्ही ते टीव्हीवर पाहिलं असेलच. मैदानावर त्याला सीपीआर देणारे, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवणारे, डेनी केलिंग्टन हे त्याच्याच संघाचे, बफेलो बिल्सचे, सहायक ॲथलेटिक ट्रेनर होते. छातीवर नेमक्या क्षणी आघात झाला तर धडधाकट माणसाचंही हृदय बंद पडू शकतं, आणि अशा घटना लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये विशेष आढळल्या आहेत. तुमच्या मुलीनं याचंच शिक्षण घ्यायचं ठरवलंय.

‘आधी डॉक्टर, मग टीमची डॉक्टर’ ही तुमची कल्पना मात्र नीट सोडवून दाखवायला हवी, कारण बऱ्याच घरांत असंच समजतात. ॲथलेटिक ट्रेनर ही डॉक्टरकीच्या जिन्याची खालची पायरी आहे, वर चढलं की खालचं काम आपोआप हातात येतं, असा हा समज. तो चुकीचा आहे. संघाचे डॉक्टर बहुधा ऑर्थोपेडिक सर्जन असतात. त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल, स्वतःचे पेशंट असतात. ते संघासाठी निदान करतात, शस्त्रक्रिया करतात, पण रोज संघाबरोबर फिरत नाहीत. मेजर लीगच्या हंगामात एका संघाचे १६२ सामने होतात, आणि त्यातला प्रत्येक दिवस खेळाडूबरोबर काढतो तो ट्रेनर. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराचं लिगामेंट तुटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी मनगटाजवळचा स्नायुबंध काढून तिथे बसवला. ती शस्त्रक्रिया आज त्या खेळाडूच्याच नावानं ओळखली जाते. ऑपरेशन काही तासांत आटोपलं. १९७५ चा अख्खा हंगाम मात्र हात पुन्हा चालता करण्यात गेला. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. आजही त्या शस्त्रक्रियेनंतर पिचरला परतायला वर्ष-दीड वर्ष लागतं. त्या वर्षभरात आज किती फुटांवरून फेकायचं, किती चेंडू, उद्या विश्रांती की व्यायाम, हे रोज खेळाडूशेजारी उभं राहून बघणारा माणूस सर्जन नसतो. तुमच्या मुलीला त्या वर्षभरात रस आहे. तिला ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवलंत तर तिला हवं असलेलं काम तिच्या हातून कायमचं निसटेल. वर दहा-बारा वर्षं जातील ती वेगळीच.

त्याच डॉजर्सचे तेव्हाचे ट्रेनर बिल ब्यूलर. १९७६ मध्ये सहकाऱ्याची बॅट तुटून तिचे तुकडे स्टीव्ह येगर या कॅचरच्या (पिचरचा चेंडू झेलणाऱ्याच्या) गळ्यात घुसले. तो बरा होऊन परत येणार होता तेव्हा ब्यूलर यांनी त्याच्या मुखवट्याखाली लोंबणारी एक पट्टी बसवून दिली, गळा झाकला जावा म्हणून. ती पट्टी पुढे खूप कॅचर वापरू लागले. रोज खेळाडूजवळ असणाऱ्यालाच असं काही सुचतं.

ड्रेसिंग रूमबद्दल. सू फॅल्सोन २०१२ च्या हंगामात डॉजर्सच्या मुख्य ॲथलेटिक ट्रेनर होत्या. मेजर लीगमध्ये त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तुमची लेक डॉक्टर झाली असती तर पुरुष पेशंट तपासले नसते का? तिच्या आईला हे एवढंच विचारा. आणि नातेवाइकांना काय सांगायचं? सांगा की लेक वैद्यकीय क्षेत्रात आहे, अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९९० मध्ये मान्यता दिलेल्या व्यवसायात. ती जिममध्ये वजनं उचलायला शिकवत नाही. एवढ्यावर ज्यांचं समाधान होणार नाही, त्यांच्यासाठी मुलीचं आयुष्य बेतू नका.

मार्ग ठरलेला आहे : मान्यताप्राप्त मास्टर्स, बहुधा दोन वर्षं, मग बीओसी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा, मग राज्याचा परवाना. आता नुसत्या पदवीवर या व्यवसायात येता येत नाही. (इकडच्या वाचकांसाठी : आपल्या बीपीटीवर, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीवर, थेट तिथे हे काम मिळत नाही, तिथलं मास्टर्स करावंच लागतं.)

पैशाचं मी गोड करून सांगणार नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२३ च्या आकडेवारीत या व्यवसायाचा मध्यम पगार वर्षाला ५८ हजार डॉलरच्या आसपास आहे. फिजिकल थेरपिस्टचा जवळपास एक लाख. बेसबॉलमध्ये मेजर लीगचे संघ तीसच, त्यांच्या हाताखालचे मायनर लीगचे १२०. सुरुवात खालूनच होते. फेब्रुवारीत फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात सराव शिबिर, मग सप्टेंबरपर्यंत मंगळवार ते रविवार सामने, सोमवारी सुट्टी आणि बऱ्याचदा तोच प्रवासाचा दिवस. सण-समारंभ, मैत्रिणींची लग्नं, सगळं हंगामाबाहेर बसवावं लागतं. हे तिला माहीत आहे का, ते जरूर विचारा. तो बापाचा हक्क आहे. आणि खरंच मदत करायची असेल तर एमकॅटऐवजी स्पॅनिशचा क्लास लावून द्या. मायनर लीगमधली कितीतरी मुलं डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातून येतात. अठरा वर्षांच्या मुलाला कोपर कुठे आणि कसं दुखतंय ते त्याच्या भाषेत विचारता आलं, तर त्या ट्रेनरची किंमत वेगळी असते.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. ग्रीन कार्ड रांगेत आहे आणि मुलीशी फार बोललेलो नाही. तुमची खरी भीती इथे आहे असं मला वाटतं. ‘डॉक्टर झाली तर या देशात कोणी तिला हात लावणार नाही’, असं काहीतरी मनात असावं. मी तुमच्या जागी असते तर मलाही रात्री झोप लागली नसती. पण ही भीती हमाली, ड्रेसिंग रूम आणि नातेवाईक अशी नावं घेऊन मुलीवर येऊन आदळते आहे. तिला वाटत असणार की बाबांना माझं कामच हलकं वाटतं.

एकविसावा वाढदिवस झाला की तुमच्या व्हिसावरचं तिचं एच-फोर (आश्रित कुटुंबीयांचा व्हिसा) संपतं. त्याआधी तिला स्वतःच्या एफ-वन या विद्यार्थी व्हिसाची व्यवस्था करावी लागेल. तुमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातूनही ती बाहेर पडू शकते. वय मोजण्याचा एक कायदेशीर नियम काही मुलांना वाचवतो, पण भारतीयांच्या लांबलचक रांगेत तुमच्या मुलीला तो उपयोगी पडेल का, ते तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेत नंबर लागल्याची तारीख) बघून वकीलच सांगेल. शिवाय ज्या डॉक्टरकीत तुम्हाला सुरक्षितता दिसते, तीच व्हिसाच्या बाबतीत जास्त अवघड आहे. अनेक अमेरिकन मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्ड नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत. जी घेतात त्यांतली काही सगळ्या वर्षांच्या फीची तजवीज आधी दाखवायला सांगतात. सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. हे क्लासला पैसे भरण्याआधी कोणी सांगितलं होतं का तुम्हाला?

ॲथलेटिक ट्रेनिंगची वाटही या बाबतीत सोपी नाही, ते लपवत नाही. मास्टर्सनंतर एफ-वनवर साधारण एक वर्ष काम करता येतं. त्यानंतर मायनर लीगचा एखादा संघ तिच्यासाठी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा खटाटोप करेल, या भरवशावर राहू नका. पण विद्यापीठांना एच-वन-बीच्या लॉटरीची अट लागू नाही आणि विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत ॲथलेटिक ट्रेनर पूर्ण वेळ नोकरीवर असतात, बेसबॉल संघासाठीसुद्धा. म्हणून मी तिला सांगेन की पहिली नोकरी कॉलेज बेसबॉलमध्ये बघ, व्यावसायिक बेसबॉलचं नंतर बघू. तिथे सामने कमी, प्रवास कमी आणि खांदे-कोपरं तीच.

तुम्ही ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जात असाल. त्याच गावात सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे, न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाच्या हाताखालचा, मायनर लीगचा डबल-ए संघ. हंगामात एखाद्या संध्याकाळी तिघांची तिकिटं काढा, लवकर जा आणि सामना सुरू होण्याआधी डगआउटजवळ (खेळाडू बसतात तिथे) कोण काय करतंय ते तिला दाखवायला सांगा. बोलायचं काम तिचं, तुम्ही फक्त ऐका.

पण त्याच्याही आधी, याच आठवड्यात, इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्या. तुमची सगळी कागदपत्रं, तिचा पासपोर्ट, शिकत असलेल्या विद्यापीठाची पत्रं बरोबर न्या आणि मुलीलाही न्या. एकविसावा वाढदिवस नेमका कधी आहे, ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. त्याचं उत्तर आणि त्यापुढचं सगळं तिच्यासमोरच होऊ द्या.