नानांचा चेहरा मनाने रंगवलेला आहे का?

प्रश्न : आमच्या ओटीवर आजोबांच्या वेळचं एक छापील चित्र आहे. तरुण सवाई माधवराव पेशवे आणि शेजारी नाना फडणवीस. मुलगा म्हणतो, तेव्हा फोटो नव्हते, म्हणजे चेहरे चित्रकाराने मनानेच काढले असणार. खरं काय? आणि हिशेब ठेवणारा माणूस पेशव्यांच्या शेजारी बसला कसा?

उत्तर : मुलाला सांगा, ते चेहरे समोर बसवून काढलेले आहेत. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने त्याला दरबारात नेलं. पेशवे आणि नाना यांचं त्याने १७९२ मध्ये रंगवलेलं तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तुमच्याकडे बहुधा त्याचीच छापील नक्कल असावी. पुण्यातला गंगाराम तांबट हा चित्रकार वेल्सच्या हाताखाली काम करत होता. त्याचं नाव फार कमी घरांत माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्यक्तिचित्रं शिकवण्यात माझी सदतीस वर्षं गेली. मुलांना मी आधी गालाचं हाड बघायला लावायचो. मनाने काढलेला चेहरा गुळगुळीत होतो, दोन्ही बाजू सारख्या येतात. नानांचा चेहरा बघा : उभट, कृश, गालफडं बसलेली. खूश करण्यासाठी कुणी असा चेहरा काढत नाही.

आता बसण्याबद्दल. चित्रात सेवक मागे उभे आहेत, नाना मात्र बसलेले आहेत. चित्र काढलं तेव्हा पेशवे अठरा वर्षांचे, नाना पन्नाशीचे. हा मुलगा जन्मल्यापासून बारभाईंनी, म्हणजे कारभाऱ्यांच्या मंडळाने, त्याची गादी सांभाळली आणि त्यात नाना पुढे होते. फडणीस म्हणजे मुळात फर्दनवीस, फर्दा म्हणजे हिशेबाचे कागद लिहिणारा. पण दौलतीचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे ज्याला तोंडपाठ, त्याला विचारल्याशिवाय फौज हलत नाही. पानिपतावरून जीव वाचवून परतलेला हा माणूस थोरल्या माधवरावांपासून दुसऱ्या बाजीरावांपर्यंत दरबारात होता. मधे अटकही भोगली, पुन्हा कारभारावर आला आणि १८०० मध्ये वारला. सवाई माधवराव तर हे चित्र झाल्यावर तीनच वर्षांत गेले, १७९५ मध्ये. वेल्सही त्याच वर्षी वारला. म्हणून त्या तरुण चेहऱ्यासमोर मी नेहमी जरा जास्त वेळ थांबतो.

एक विनंती. कागद काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, रंगाचा थर सोलून निघेल. चौकट भिंतीवरून उतरवून कोरड्या खोलीत ठेवा आणि कागदाची दुरुस्ती जाणणाऱ्या माणसाला दाखवा. तोवर मागच्या पुठ्ठ्यावर छापखान्याचं नाव किंवा साल दिसतं का, ते बघून मला कळवा.