डेंटल स्कूलला अप्लाय करण्याआधी कॉलेजचं पाचवं वर्ष घ्यावं का?

तू लिहिलंयस की अमेरिकेत ज्युनियर इयर (कॉलेजचं तिसरं वर्ष) संपतंय, ९० क्रेडिट झालेत, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.१, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी प्लस, आणि घरचे म्हणतायत या जूनमध्येच डेंटलचा फॉर्म भरून टाक. मी स्वतः पाचवं वर्ष घेतलंय आणि आता डेंटलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून मनापासून सांगते, या जूनला भरू नकोस.

पण पाचवं वर्ष घ्यायचंच असेल तर एक गोष्ट आधी समजून घे, मला ती वेळेवर कुणी सांगितली नव्हती. ॲडसासचा (बहुतेक डेंटल स्कूलना एकत्र अर्ज पाठवणाऱ्या सेवेचा) फॉर्म जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो आणि डेंटल स्कूल सुरू होतं त्याच्या पुढच्या वर्षी ऑगस्टच्या आसपास, म्हणजे मध्ये वर्षाहून जास्त काळ जातो. त्यामुळे पुढच्या जूनला फॉर्म भरलास तर प्रवेश ठरवणाऱ्या कमिटीसमोर तुझं चौथं वर्ष असणार, पाचवं नाही. पाचव्याच्या फॉलचे (पहिल्या, ऑगस्ट-डिसेंबर सेमिस्टरचे) ग्रेड नंतर अपडेट म्हणून जातात खरे, पण तोवर डिसेंबर उजाडतो, ऑफर निघायला लागतात. म्हणजे मेहनत चौथ्या वर्षातच करायची.

हिशोब करून बघ. चौथ्या वर्षाचे ३० क्रेडिट ३.८ ने काढलेस तरी ३.१ चं जेमतेम ३.२७ होतं. आकडा छोटा दिसतो, पण बायोकेम, फिजिओलॉजी, मायक्रो असे अवघड विषय एकत्र घेऊन सगळीकडे ए आले तर वर चढणारा आलेख दिसतो, आणि मला इंटरव्ह्यूत त्याबद्दलच विचारलं होतं. ऑरगॅनिक परत घेण्यात वर्ष घालवू नकोस, ॲडसास जुना ग्रेड पुसत नाही, दोन्ही धरतं, आणि बऱ्याच स्कूलना सी चालतो (तुझ्या यादीतल्या प्रत्येक स्कूलची अट मात्र बघ).

आता पैशाचं. चौथ्या वर्षात डिग्री पूर्ण होत असेल तर पाचव्याची फी कशाला, ग्रॅज्युएट हो आणि ते वर्ष एखाद्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काम कर. मी मेजर उशिरा बदललं होतं, बायोकेम राहिलं होतं, म्हणून मला ते वर्ष लागलंच. आणि एच-फोरवर (आईवडिलांच्या वर्क व्हिसाला जोडलेला डिपेंडंट व्हिसा) असशील तर वयाची २१ पूर्ण व्हायच्या आधी एफ-वनचं (स्टुडंट व्हिसा) बघून ठेव, तिथे एक वर्ष इकडे-तिकडे झालं तर फार महागात पडतं.

डीएटी (डेंटलची प्रवेश परीक्षा) घाईत देऊ नकोस, जुना स्कोअरही रिपोर्टवर दिसतो. २८० प्रश्न एका बैठकीत असतात, आणि त्यातला पीएटी, म्हणजे कोन ओळखणं, घड्या उलगडणं वगैरे, रोज थोडा थोडा केल्याशिवाय जमत नाही, मला तीन महिने लागले.

घरच्यांचं मला कळतं. आपल्याकडे बारावी, नीट, मग चार वर्षं बीडीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यामुळे सांगलीहून आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, अजून कॉलेजच चालू आहे का, आणि आईचा चेहरा उतरायचा. शेवटी मी बाबांना वही घेऊन बसवलं, वरचाच हिशोब माझ्या आकड्यांनी मांडला, या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या, दोन्ही जूनच्या तारखा लिहिल्या, आणि विचारलं की कुठला फॉर्म तुम्ही निवडाल. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, पुढच्या वर्षीचा. तूही तुझे आकडे घालून घरी दाखव, आणि फॉलला कुठले कोर्स घेतोयस ते इथे लिही, मी बघून सांगते.