नोकरी लगेच सोडू नकोस

तू विचारलंस, चित्रांवर जगता येईल का. येईल, पण नोकरी लगेच सोडू नकोस. पहिली काही वर्षं मी जळगावात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या शिकवण्या घेतल्या, त्यातूनच रंग आणि कॅनव्हासचा खर्च निघाला.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनासाठी अर्ज जरूर टाक, पण तिथली तारीख मिळायला वर्षं लागतात. तोवर हात बांधून बसू नकोस. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्रं पाठव, राज्य कला प्रदर्शनालाही पाठव.

किमतीचं मात्र नीट ऐक. चौरस इंचाचा एक दर ठरव आणि सगळ्यांना तोच सांग. मी एकदा धुळ्याच्या नातेवाइकाला अर्ध्या किमतीत चित्र दिलं. त्याच मापाच्या चित्राला पूर्ण पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला ते कळलं आणि तो पुन्हा आला नाही. अजून सलतं ते. विकलेल्या प्रत्येक चित्राचा फोटो, माप, किंमत आणि घेणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेव.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत कॅनव्हास ठेवू नकोस. गुंडाळून पाठवायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेव, आत ठेवलीस तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. तैलरंग हाताला कोरडा लागला तरी जाड थर आतून ओलाच असतो. वार्निशला सहा महिने ते वर्षभर थांब.

आणि एखाद्या रविवारी चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार आणि चित्रकार केकी मूस यांचं घर बघून ये. स्टेशनजवळच आहे.