डेमोचे सर वेगळे, रोजचे सर वेगळे

ताई, तुमची पोस्ट वाचताना 'उद्यापर्यंत भरलंत तर सवलत, नंतर पूर्ण फी' या वाक्यापाशी थांबले. मुलगा नववीत, सेमी-इंग्रजी, पहिल्या घटक चाचणीत गणितात जेमतेम काठावर, घरी शिक्षक पाठवणाऱ्या ब्युरोने धाडलेल्या सरांचा डेमो झकास झाला आणि आता सहा महिन्यांची फी आगाऊ मागतायत, तर भरू का, असं तुम्ही विचारलंय. नका भरू. निदान उद्या तरी नका भरू. ती सवलत पुढच्या आठवड्यातही मिळते, फोन करून बघा.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही आणि कायद्यातली जाणकार तर नाहीच. मुलुंडला राहते, दोन मुलांची दहावी एसएससी बोर्डातून झाली आणि थोरल्याच्या नववीत अशाच एका ब्युरोशी गाठ पडली, एवढंच माझं भांडवल. सीबीएसई-आयसीएसईवाल्यांकडे चित्र वेगळं असू शकेल. पदवी काय, अनुभव किती, फी परवडते का, ही चौकशी तुम्ही करणारच, त्यात मी शिरत नाही.

आमचा ब्युरो स्टेशनजवळच्या शॉपिंग सेंटरात पहिल्या मजल्यावर होता. नाव घेत नाही. डेमोला आलेले सर पन्नाशीचे, आवाज खणखणीत. त्यांनी कागदाचा त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे फाडून एका रेषेवर जुळवले आणि बेरीज १८० अंश कशी होते ते दाखवलं. मुलगा खूश, सासूबाई खूश, मीही खूश. तीन महिन्यांची फी ब्युरोच्या खात्यात गेली. सोमवारी बेल वाजली तर दारात पाठीवर सॅक लावलेला इंजिनिअरिंगचा मुलगा. मी म्हटलं, 'ते सर नाही आले?' तर अगदी निरागसपणे म्हणाला, 'काकू, ते डेमोचे सर आहेत.'

म्हणजे ब्युरोत 'डेमोचे सर' ही वेगळी नेमणूकच होती. घरोघरी जाऊन तोच त्रिकोण फाडायचा. त्या तासात आमच्या मुलाबद्दल त्यांना काहीच कळलं नव्हतं, कळायची गरजही नव्हती. तो धडा समोर कोणीही बसलं असतं तरी तसाच रंगला असता. डेमोवर माझा राग आहे तो यासाठी.

आलेला पोरगा वाईट नव्हता, हुशार होता. कल्याणहून यायचा. त्याने बीजगणिताचं पुस्तक उघडून पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, म्हणजे संच. मग त्याची सेमिस्टर आली आणि तो यायचा बंद झाला. ब्युरोने दुसरा पाठवला. त्यानेही 'कुठपर्यंत आलंय?' असं एकदा विचारलं, मुलाने खांदे उडवले, आणि पुन्हा संच. पुढच्यानेही तेच केलं. नव्या माणसाला संचापासून सुरुवात करणं सोपं पडतं. मुलाला ते येत असतं, पटापट उत्तरं देतो, आणि स्वयंपाकघरात आपल्याला वाटतं, वा, काय छान चाललंय. सहामाहीच्या पेपरात संचावरचे सगळे मार्क मिळाले आणि भूमितीत ४० पैकी ९.

शिक्षक टिकत का नाहीत, ते त्यांच्यातल्याच एकाने लिफ्टची वाट बघताना सांगितलं. आम्ही भरत होतो त्यातले निम्मेही त्याच्या हातात पडत नव्हते, आणि तेही महिनोन्‌महिने थकलेले. मग ज्याला कुठे थेट शिकवणी मिळेल तो निघून जाणारच. त्या पोरांना मी दोष देत नाही.

पैसे परत मागायला गेले तो भाग मात्र अजून आठवला की डोकं तापतं. ऑफिस उघडं अकरा ते सहा, आणि मी त्या वेळात फोर्टला नोकरीवर. अर्धी रजा टाकून जावं तर काउंटरवरची मुलगी म्हणणार, 'सर ठाण्याच्या ब्रँचला गेलेत.' ठाण्याला फोन करावा तर सर मुलुंडला निघालेत. मेल करा म्हणाले म्हणून मेल केला, तो 'इनबॉक्स भरला आहे' म्हणून उलट आला. एकदाचे सर भेटले तेव्हा त्यांनी फॉर्म पालटून मागच्या बाजूचं बारीक अक्षर दाखवलं: एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. वर म्हणाले, शिक्षक आम्ही दिले, टिकवले नाहीत तुम्ही. मी हटेना तेव्हा तडजोड म्हणून काय सुचवलं असेल? उरलेल्या पैशांत मे महिन्यात हँडरायटिंगचा कोर्स. नववीतल्या घोड्याला!

पावती होती ती साध्या लेटरपॅडवर, जीएसटी क्रमांकाचा पत्ता नाही. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो, पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, त्यामुळे घरगुती शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे तो नंबर मागत बसू नका. दोन-तीन शाखा मिरवणाऱ्या ब्युरोकडे मात्र जरूर मागा. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाच्या धड्यात मुलांना जीएसटीची बिलं सोडवायला लावतात, आणि ते शिकवायला माणूस पाठवणाऱ्याकडे धड बिल नसतं.

तुम्ही नियमांचंही विचारलंय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत विद्यार्थ्याने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करा, असं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका, असंही आहे. पण त्या पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या सेंटरांसाठी आहेत, आणि घरी शिक्षक पाठवणारा ब्युरो 'आम्ही क्लासच नाही' म्हणून हात झटकणार. त्यापेक्षा ग्राहक म्हणून भांडणं बरं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. ते तक्रार पुढे पाठवतात, आदेश देऊ शकत नाहीत. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. हे सगळं करायला बळ लागतं. आमची तर वार्षिक तोंडावर होती, आम्ही पैसे सोडून दिले. म्हणून सांगते, आगाऊ देऊच नका. महिन्याचे महिन्याला, थेट शिकवणाऱ्याच्या खात्यात. ब्युरोला ओळख करून दिल्याचे एकरकमी पैसे हवे असतील तर ते वेगळे घेऊ देत. आणि शिक्षकाचं नाव, 'बदली शिक्षक आमच्या पसंतीनेच' आणि 'न झालेल्या तासांचे पैसे परत' एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या. यावर जो कुरकुर करेल त्याला नमस्कार.

आता माणूस ओळखायचा कसा? मी एकच गोष्ट मानते. डेमो मागू नका, मुलाचा तपासलेला पेपर त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा.

बरेच जण वरचे मार्क बघतात, 'बेसिक कच्चं आहे' म्हणतात आणि पेपर बाजूला ठेवतात. बेसिक कच्चं आहे हे आपल्याला माहीत नसतं तर त्यांना बोलावलं कशाला असतं? काही जण चुकीच्या गणितापाशी थांबतात आणि आपल्या पद्धतीने ते सोडवून दाखवतात. हे थोडं बरं, पण पुरेसं नाही. शेवटी आम्हाला मागच्या सोसायटीतल्या ज्या बाई मिळाल्या, त्यांनी डेमोला चक्क नकार दिला. सहामाहीचे दोन्ही पेपर आणि शाळेची वही घेऊन या म्हणाल्या. पेपर पुढ्यात ठेवून मुलाला विचारत गेल्या, 'ही ओळ लिहिताना डोक्यात काय होतं?' अर्ध्या तासात दोन गोष्टी निघाल्या. एक, वजा चिन्ह कंसात नेताना तो पहिल्या पदाचं चिन्ह बदलायचा आणि दुसऱ्याचं विसरायचा. बहुपदी असो की दोन चलांतली समीकरणं, मार्क तिथेच गळत होते, आणि आम्ही समजत होतो त्याला प्रत्येक धडाच येत नाही. दुसरी गोष्ट भूमितीतली. जे सिद्ध करायचं तेच तो पक्षात लिहून टाकायचा. म्हणजे साध्य आधीच मान्य! पुढची सिद्धता कितीही नीट लिहिली तरी मार्क कुठून मिळणार? एवढी पुस्तकं पहिल्या पानापासून उघडणाऱ्या आधीच्या एकाही सरांनी हे पाहिलं नव्हतं.

उत्तर न येणं, येत असून नीट न लिहिणं आणि वेळ न पुरणं, हे तीन वेगळे आजार आहेत. ४० मार्कांना दोन तास असतात, त्यात वेळ न पुरणारी मुलंही असतात आणि त्यांना शिकवण्यापेक्षा घड्याळ लावून सोडवून घेणं जास्त लागू पडतं. हा फरक जो पेपरातून शोधतो तो शिक्षक. बाकीचे फळ्यावर चांगले दिसतात. (हे माझं मत. माझ्या जावेला पटत नाही, तिच्या मुलीला फळ्यावर चांगले दिसणारे सरच मानवले.)

बाईंनी आणखी एक सांगितलं, 'विज्ञान मी घेत नाही, मला जमत नाही.' मला तिथेच त्यांच्याबद्दल खात्री वाटली. पहिली ते दहावी, सर्व बोर्ड, सर्व विषय असा बोर्ड लावणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

सेमीच्या मुलांबाबत अजून एक. आमचा मुलगा आठवीपर्यंत मनात सगळं मराठीत करायचा: समांतर रेषा, छेदिका, संगत कोन. पेपरात मात्र पॅरलल लाइन्स, ट्रान्सव्हर्सल, करस्पाँडिंग अँगल्स. कॉन्व्हेंटमधून शिकलेल्या एका सरांना तो 'व्युत्क्रम कोन' म्हणाला की कळायचंच नाही, आणि यालाही त्यांचं कळायचं नाही, दोघंही मान डोलवायचे. तेव्हा शिक्षकाला दोन्हीकडचे शब्द येतात का, हे आवर्जून बघा. बालभारतीच्या संकेतस्थळावर गणिताची मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं फुकट मिळतात, धडे आणि उदाहरणं तीच. दोन्ही उतरवून शेजारी शेजारी ठेवा. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच नंतर बघू.

शिक्षक शक्यतो चालत येण्याच्या अंतरावरचा असावा. लांबचा माणूस कितीही चांगला असला तरी जुलैत रुळांवर पाणी आलं की तास बुडतो, आणि तुम्ही नोकरीमुळे रविवार ठरवलात तर मेगाब्लॉक आहेच.

शाळेतल्याच बाईंकडे लावू का, असंही तुमच्या मनात दिसतंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. सगळीकडे चालतं हे मलाही माहीत आहे. पण उद्या पटलं नाही तर बंद कसं करणार? मुलगा रोज त्यांच्याच वर्गात.

शिकवणी हॉलमध्येच, दार उघडं, घरात कोणीतरी मोठं माणूस. सर ओळखीचे असले तरी. यात संकोच करायचा नाही, चांगल्या शिक्षकालाही तेच बरं वाटतं. टीव्ही बंद ठेवायला मात्र आमच्याकडे सासूबाईंची मालिका दुपारच्या पुनःप्रक्षेपणावर ढकलावी लागली, त्याची वाटाघाट ब्युरोपेक्षा अवघड होती. आणि पोहे-उपमा करू नका, चहा पुरे. खाण्यात आणि 'कशाला त्रास घेतलात' यात वीस मिनिटं जातात.

राहिला विज्ञानाचा प्रश्न. त्यालाही आत्ताच कोणी लावायचं का? माझ्या मते नाही. घटक चाचणीत त्यात बरे मार्क आहेत असं तुम्हीच लिहिलंय. शाळा, गणिताची शिकवणी, आणि त्यावर अजून एक तास घातला तर पोरगं खाली खेळायला जाणार कधी? सहामाहीचे पेपर हातात आले की मग ठरवा. तोवर गणिताचा चाचणीचा पेपर शाळेकडून घरी मागून घ्या. काही शाळा सही करून परत मागतात, तर पानांचे फोटो काढून ठेवा, सगळ्या पानांचे, नुसत्या पहिल्या पानाचे नाही.