अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात १८३९ ला विवाहित बायकांना मालमत्तेचा हक्क मिळाला, त्याचा गुलामगिरीशी काय संबंध?

थेट संबंध आहे, त्या कायद्याच्या ५ पैकी ४ कलमं गुलामांबद्दलच होती. त्याआधी १८३७ ला तिथल्या वरच्या कोर्टात फिशर विरुद्ध ॲलन केस झाली, नवऱ्याच्या देण्यापोटी टोनी नावाचा गुलाम जप्त केलेला, पण तो बायकोचा म्हणजे बेट्सी लव्हचा होता, ती चिकसॉ या मूळ अमेरिकन जमातीची, त्यांच्या रिवाजात बायकोची मालमत्ता वेगळी राहते आणि तिने तो आधीच मुलीच्या नावे केलेला, म्हणून धनको हरला. निकाल कुठल्याही बाजूने लागला असता तरी टोनी गुलामच राहणार होता, हे विसरू नका. आणि १८३९ नंतरही गुलामांकडून काम करून घेणं, त्याचं उत्पन्न घेणं नवऱ्याच्याच हातात राहिलं, बायकोच्या नावाचा मुख्य फायदा म्हणजे नवऱ्याच्या कर्जात ती मालमत्ता जात नव्हती.